जुनी जीप आणि एक लिटर पेट्रोल

निपाणीच्या बाजारात किंवा बेळगावच्या कॅम्प भागात एखादी जुनी पेट्रोलची जीप अजूनही क्वचित दृष्टीस पडते. ‘ही गाडी पेट्रोल पिते,’ असे सगळेच म्हणतात; ते पेट्रोल जाते कोठे, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. आमच्या घरी हा प्रश्न एकदा निकरावर आला. आबांची जीप विकावी, तीत डिझेलचे इंजिन बसवावे, की आहे तशीच ठेवावी, असा वाद होता. सर्वांचा रोष चारही चाकांना ओढ देणाऱ्या त्या लहानशा दांड्यावर होता. तो रोष कितपत न्याय्य होता, ते आपण पाहू.

जीप मुळात युद्धासाठी जन्मली. अमेरिकेत १९४१ पासून विलिस कंपनीने सैन्याकरिता जी जीप बनविली, तिचे इंजिन २१९९ घनसेंटिमीटरचे आणि ६० अश्वशक्तीचे होते. मुंबईत महिंद्रांनी १९४७ मध्ये विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे आलेल्या सीजे-३बी या नमुन्यात इंजिनाचे आकारमान तेच राहिले, परंतु झडपांची रचना बदलून शक्ती ७५ अश्वशक्तीपर्यंत नेण्यात आली. सैन्याच्या जीपची टाकी सुमारे ५७ लिटरांची होती आणि भरल्या टाकीत ती सुमारे ४८० किलोमीटर जाईल, असा हिशेब होता. भागाकार केला म्हणजे लिटरला साडेआठ किलोमीटरही येत नाहीत. तरुणपणीच जिची ही अवस्था, तिच्याकडून म्हातारपणी पंधराची अपेक्षा करणे अन्यायाचे होय.

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ दशलक्ष जूल ऊर्जा असते. जुन्या इंजिनात तिचा जेमतेम पंचमांश चाकांपर्यंत पोहोचतो. उरलेली रेडिएटर व धुराड्यावाटे उष्णतेच्या रूपाने निघून जाते. याचे एक मोठे कारण म्हणजे सिलिंडरमधील मिश्रण किती दाबले जाते, हे होय. सैन्याच्या जीपमध्ये ते साडेसहा पटींच्या आतच दाबले जाई. आजच्या मोटारींत दहा पटींहून अधिक दाबले जाते. जितका दाब अधिक, तितके उष्णतेतून काम अधिक. ही उणीव जन्माची आहे. चालकाच्या हाती तिच्यावर उपाय नाही.

आता घाटाचा हिशेब मांडू. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. माणसांसह १२०० किलो भरणारी जीप गोव्याच्या किनाऱ्यावरून येथवर चढली, तर केवळ उंची गाठण्यास १२०० × ९.८ × ७५०, म्हणजे सुमारे ८८ लक्ष जूल काम करावे लागते. सर्व ऊर्जा कामी आली असती तर पावशेर दुधाहून थोडे अधिक पेट्रोल पुरले असते. पण पंचमांशच कामी येते. म्हणून सुमारे १.४ लिटर लागते, आणि रस्ता कापण्याचा खर्च वेगळाच. पाठीमागे एक क्विंटलचे पोते टाकले की या चढाच्या खर्चात बारावा हिस्सा वाढतो. आबांच्या गाडीत जॅक, साखळी, पहार आणि कोणी कधी ठेवला हे न आठवणारा लोखंडी नांगराचा फाळ, असा संसार कायमचा होता. घाटाच्या उतारावर गिअर काढून गाडी सोडणारे काही जण स्वतःला चतुर समजतात. बचत थोडी आणि ब्रेक तापून निकामी होण्याचे भय मोठे, असा तो व्यवहार आहे.

निपाणीहून बेळगावास येताना तवंदीचा व वंटमुरीचा घाट सोडला, तर हमरस्ता बराच सरळ आहे, आणि तेथे दुसरा शत्रू भेटतो, तो म्हणजे वारा. जीपची काच उभी, अंग चौकोनी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० वरून ८० वर गेलो की तो चौपट होतो. शिवाय सीजे-३बीच्या आसाचे गुणोत्तर ५.३८ आहे, म्हणजे चाक एकदा फिरताना टॉप गिअरमध्येही इंजिन पाच वेळांहून अधिक फिरते. ताशी ६० ला इंजिनाचे मिनिटाला सुमारे २४०० फेरे होतात, ८० ला सुमारे ३२००. चिखलातून गाडी खेचण्यासाठी केलेली ही योजना डांबरी रस्त्यावर खर्चाची ठरते. आबा घाईचे, संकेश्वर मागे पडले की त्यांचा पाय जड होई.

आणि तो बदनाम दांडा? या गाड्यांत पुढचा आणि मागचा आस यांच्यामध्ये वेगफरक सामावून घेणारी योजना नसते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांब वाटेने जातात. काळ्या मातीच्या चिखलात ती थोडी घसरून जुळवून घेतात. डांबरावर घसरत नाहीत, म्हणून सारी यंत्रणा आवळते, टायर झिजतात, पेट्रोलही जाते. म्हणून डांबरावर दांडा सोडलेलाच असावा. तो सोडला तरी पुढची चाके पुढच्या आसाला व दांडीला फुकट फिरवीत राहतात. ते थांबवावे म्हणून चाकांच्या तुंब्यांत सोडता-जोडता येणारी कुलुपे निघाली. अमेरिकेत वॉर्न कंपनी १९४८ पासून ती बनवू लागली. त्यांनी होणारी बचत खरी, पण थोडी. दोष दांड्याचा नव्हता. दांडा शेतातून निघताना सोडायचे विसरणाऱ्याचा होता.

खरा चोर आम्हांस बॉनेटखाली सापडला. पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे पावणेपंधरा पट हवा लागते. चोक अर्धवट ओढलेला राहिला, हवेची जाळी कोंदली किंवा कार्ब्युरेटरचा तरंगता गोळा गळका झाला, की हे प्रमाण बिघडते आणि काळा धूर दिसू लागतो. आमच्या गाडीत आणखी एक गंमत होती. ‘आपला प्रदेश उष्ण,’ म्हणून कोणा कारागिराने थर्मोस्टॅटच काढून टाकला होता! त्यामुळे बेळगावच्या पावसाळी गारठ्यात इंजिन कधी नीट तापतच नसे, आणि थंड इंजिन अधिक पेट्रोल मागते.

अलीकडे त्यात एक नवी भर पडली आहे. २०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचे लक्ष्य गाठले. आपल्या जिल्ह्यातील उसाशी त्याचे जवळचे नाते आहे, हे सांगणे नकोच. परंतु इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे अशा मिश्रणाच्या लिटरात सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. जुन्या रबरी नळ्यांनाही ते मानवत नाही. त्या पाहून बदलाव्या लागतात.

मोजमाप मात्र प्रामाणिक हवे. टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटरचा आकडा लिहावा, तीन-चारशे किलोमीटर झाल्यावर त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरावी आणि भागाकार करावा. काट्यावर विसंबू नये. जुन्या जीपचा काटा हा कविकल्पनेचाच भाग असतो.

डिझेल इंजिनाचा प्रश्नही असाच भागाकाराने सुटला. बदलाचा खर्च दर किलोमीटरच्या बचतीने भागला, तेव्हा तो भरून निघण्यास जितके किलोमीटर हवे होते, तितके आबा आठ वर्षांतही फिरत नव्हते. थर्मोस्टॅट बसविला, नळ्या बदलल्या, फाळ गोठ्यात गेला. जीप घरीच राहिली. सीटखालच्या वहीत आबा आता प्रत्येक भरण्याची नोंद ठेवतात, आणि आकडा घसरला की प्रथम नातवाला विचारतात, ‘दांडा सोडला होतास का रे?’