मिरगाआधीचे दोन दिवस

मे महिना सरत आला की कोकणात घरोघरी घाई उडते. 7-8 जूनला मृग नक्षत्र लागते. आपण त्याला मिरग म्हणतो. मिरगाच्या आत आगोटीची बेगमी घरात यावी लागते. कौले परतून व्हावी लागतात. वैभववाडी तर सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी. वर गगनबावडा, खाली आपण. डोंगराला ढग अडले की पाऊस आठ-आठ दिवस उसंत देत नाही.

आपण एक घर डोळ्यांसमोर आणू. वैभववाडीच्या बाजारपेठेपासून पाच-सहा किलोमीटरवर एक वाडी आहे. तिथे दोघे नवरा-बायको राहतात. मुले मुंबईला चाकरीला. नवरा कणकवलीला कामाला जातो. त्याला रविवारची सुट्टी असते, शनिवारची त्याने मागून घेतली. घरात तिसरा जीव म्हणजे मोत्या. मोत्या कुत्रा आहे. रात्री रानडुक्कर आणि दिवसा वानर, दोघांनाही तो हाकलतो.

बाई दीड वर्षापूर्वी लिहा-वाचायला शिकली. शुक्रवारी रात्री तिने यादी केली. मीठ 5 किलो. कांदे 20 किलो. तूरडाळ, गूळ, गोडेतेल. सुके बांगडे 100. कौले 40. खिळे. ताडपत्री 1. आणि शेवटी लिहिले, मोत्याची सुई.

नवऱ्याने यादी वाचली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले.

"कुत्र्याक कित्याक गो सुई? तो काय आजारी आसा?"

"आजारी पडल्यावर मगे सुयेचो काय उपेग?" बाई म्हणाली.

"आणि पैसे खंय आसत? ताडपत्री दोन व्हयी होती."

"ताडपत्री एकच बस झाली. सुई राहूंदे यादीत."

ताडपत्री दोन हव्या होत्या हे खरेच. गोठ्याचे छप्पर गळत होते. पण बाईने पशुवैद्यकीय दवाखान्याच्या भिंतीवरचा फलक वाचला होता. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिले होते, रेबीज. आपल्याकडे त्याला कुत्रे पिसाळणे म्हणतात. लस आली आहे का आणि दवाखाना किती वाजता उघडतो, हेही ती तेव्हाच विचारून आली होती. हे विचारून घेणे फार कामाचे. नाहीतर रिक्षाचे पैसे फुकट जातात.

शनिवारी दोघांनी कामे वाटून घेतली. नवरा मोत्याला घेऊन दवाखान्यात, बाई बाजारात.

बाजारातली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. आपल्याकडे कांदा घाटावरून येतो. करूळचा किंवा भुईबावड्याचा घाट उतरून गाड्या येतात. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की रस्ता बंद पडतो आणि कांद्याचा भाव चढतो. म्हणून कांदा आताच घ्यायचा. पण मान सुकलेला घ्यायचा. मान ओली असली तर कांदा महिनाभरात कुजतो आणि शेजारच्यालाही कुजवतो. सुक्या बांगड्याचे तसेच. बोटाने दाबून पाहावा. नरम लागला तर घरी नेऊन आणखी दोन उन्हे द्यावीत, मगच डब्यात भरावा. तेलाच्या पिशवीवर बाईने दोन गोष्टी वाचल्या, तारीख आणि किंमत. पिशवीवर छापलेली कमाल किंमत सगळे कर धरून असते. तिच्यापेक्षा जास्त पैसे दुकानदाराला मागता येत नाहीत. कमी मात्र घेता येतात. बाईने तेही विचारून पाहिले. दुकानदार हसला आणि दोन रुपये सोडले.

तिकडे मोत्याने रिक्षात बसायला नकार दिला. नवऱ्याने त्याच्या तोंडावरून सुती पट्टी सैल बांधली आणि त्याला उचलूनच आत ठेवले. दवाखान्यात काम पाच मिनिटांचे. डॉक्टरांनी शीतपेटीतून लस काढली. ही लस थंड ठेवावीच लागते, उन्हात राहिली तर तिचा गुण जातो. सुई टोचली, कार्डावर तारीख घातली. पिल्लू असेल तर ते तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली सुई देतात. पुढची केव्हा ते डॉक्टर सांगतात. त्यानंतर दर वर्षी एक.

आता हा रोग काय आहे ते नीट समजून घेऊ, कारण ताडपत्रीचे पैसे त्यासाठी गेले आहेत.

पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत या रोगाचे विषाणू असतात. चावल्यावर ते जखमेतून आत शिरतात आणि नसांच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतात. याला कधी काही आठवडे लागतात, कधी काही महिने. तेवढ्या काळात माणसाला काहीच होत नाही. जखम भरते, माणूस विसरून जातो. मग एके दिवशी ताप येतो, पाणी पाहिले की घसा आवळतो. लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जगात कुठेही हीच गत. पण चावल्यावर लगेच लस घेतली तर मरण टळते. एवढा जीवघेणा आणि एवढा टाळता येण्याजोगा असा दुसरा रोग आम्हाला तरी माहीत नाही.

माणसाला हा रोग होतो तो शंभरातल्या नव्याण्णव वेळा कुत्र्यामुळे. म्हणून मोत्याला सुई. मोत्या रानात जातो, कोल्ह्याशी भांडतो, दुसऱ्या कुत्र्यांत मिसळतो. संध्याकाळी तोच मोत्या शेजारच्या पोरांचे हात चाटतो.

कुत्रा चावला, नखाने ओरबाडले किंवा उघड्या जखमेला चाटले, तर आधी ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची. थोडेथोडके नाही, 15 मिनिटे. घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, तेल काही लावायचे नाही. पट्टीही आवळायची नाही. मग थेट सरकारी दवाखाना. ही लस तिथे मोफत मिळते. जखम खोल असेल तर जखमेत वेगळे औषधही सोडतात.

जुनी माणसे म्हणतात, पोटात चौदा सुया. ती गोष्ट पूर्वी खरी होती. ती जुनी लस 2005 पासून भारतात बंद आहे. आता सुई दंडात देतात. पहिल्या सुईचा दिवस शून्य धरायचा. मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. काही ठिकाणी चौदाव्या दिवशीही देतात. हिशेब करून पाहा. पहिली सुई 2 जूनला, तर पुढच्या 5, 9 आणि 30 जूनला. मधली एकही चुकवायची नाही. दुखत नाही म्हणून तिसरी सुई सोडून देणारे पुष्कळ भेटतात.

सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. पोर चावा लपवते. ओरडा बसेल म्हणून सांगत नाही. म्हणून कुत्रा चावला असे सांगत आलेल्या पोराला रागावू नये.

ही लस पहिल्यांदा माणसाला टोचली ती फ्रान्समध्ये, 6 जुलै 1885 रोजी. जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेला कुत्रा चावला होता. लुई पाश्चर या शास्त्रज्ञाने लस करून ठेवली होती, पण माणसावर वापरली नव्हती. पोर तर मरणारच होते. लस दिली आणि पोर जगले.

एवढे लांब कशाला, आपल्या शेजारचा गोवा पाहा. तिथे सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी 2013 नंतर गावोगाव कुत्र्यांना सुया दिल्या. पाळीव कुत्रे मालकांनी धरून दिले, भटके मोठ्या जाळ्यांत पकडले. दहातल्या सात कुत्र्यांना सुई मिळाली की रोगाची साखळी तुटते. गोव्यात तसेच झाले. 2018, 2019 आणि 2020 या तीन वर्षांत तिथे या रोगाने एकही माणूस दगावला नाही. म्हणजे एकट्या मोत्याची सुई पुरेशी नाही. वाडीतल्या सगळ्या कुत्र्यांचे पाहायला हवे. बाईने तोही विषय शेजारी काढला. दोन घरे तयार झाली. तिसऱ्या घरी म्हणाले, आमचा कुत्रा कुणाला चावत नाही. चावत नाही हे खरे, पण त्याला कुणी चावले तर?

रविवारी कौले. मंगलोरी कौलांचे आपल्याला नवल वाटत नाही, पण ती 1865 च्या सुमाराला मंगळुरात बासेल मिशनच्या कारखान्यात होऊ लागली, म्हणून हे नाव. या घराची कौले वानरांनी फोडली होती. नेमकी कुठली, ते बाईला ठाऊक होते. गेल्या पावसात थेंब पडला त्या जागी तिने आतून वाशावर कोळशाने खूण करून ठेवली होती. त्यामुळे सगळे छप्पर उकलावे लागले नाही.

नवऱ्याने आधी विजेचे मुख्य बटण बंद केले. शिडी बाईने खाली धरली. कौलाच्या मधोमध पाय दिला तर ते फुटते, म्हणून पाय खालच्या रिपेवर येईल असा ठेवायचा. कौल उचलण्याआधी काठीने ठोकायचे, खाली विंचू असतो. शेवाळ धरलेल्या बाजूला तो गेलाच नाही, तिथली कौले शिडीवरूनच बदलली. दोन रिपांना वाळवी लागली होती, त्या काढल्या. एकुलती ताडपत्री गोठ्यावर घातली. ती आखूड पडली. उरलेल्या भागावर झावळ्या रचल्या. गुरे थोडी भिजतील.

मोत्या दिवसभर माडाखाली पडून होता. सुईच्या दिवशी कुत्रा थोडा सुस्त असतो, त्याची काळजी नको. बाईने त्याच्या कानांतल्या गोचिडी चिमट्याने ओढून काढल्या आणि भात-मासळी घातली. कांदा मात्र त्याच्या जेवणात येऊ दिला नाही, तो कुत्र्याला बाधतो.

रात्री तिने मोत्याचे कार्ड रेशन कार्डाबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवले. पुढच्या वर्षाचे कॅलेंडर अजून यायचे होते. म्हणून कपाटाच्या दारावर आतून पेन्सिलीने लिहिले, मोत्या, सुई, 30 मे. नवऱ्याने पेन्सिल मागून घेतली आणि खाली लिहिले, कौले 12 उरली, पडवीत.