मोटारगाड्यांचें संग्रहालय

ज्या गांवाहून मुक्ताबाईंची पालखी दर आषाढीस पायीं पंढरपुरास जाते, त्याच गांवाच्या कडेनें सुरतेहून कोलकात्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग गेला आहे. गांवाचें नांव पूर्वीं एदलाबाद होतें व महामार्गाचा क्रमांक पूर्वीं ६ होता. आतां गांव मुक्ताईनगर झालें व मार्गाचा क्रमांक ५३ झाला. या मार्गावरून रात्रंदिवस मालमोटारी, एस. टी.च्या गाड्या, ट्रॅक्टर आणि केळ्यांनीं भरलेल्या गाड्या धांवतात. त्यांच्याकडे आपण धूळ चुकविण्यापुरतेंच लक्ष देतों. आज जी गाडी अंगावर धूळ उडवून गेली, ती आणखी पन्नास वर्षांनीं कोठें पाहावयास मिळेल काय, हा प्रश्न आपल्या मनांत सहसा येत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही या प्रश्नाचा थोडा विचार करणार आहों.

संग्रहालय म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें मूर्ति, नाणीं, ताम्रपट, ढाली व तलवारी उभ्या राहतात. खानदेशास अशा संस्था अपरिचित नाहींत. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालच्या अखेरच्या दिवशीं धुळें येथें निवर्तले. त्यांनीं जन्मभर जमविलेल्या कागदपत्रांचें रक्षण व्हावें म्हणून धुळेंकरांनीं पुढल्याच वर्षीं त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ स्थापिलें. समर्थभक्त शंकरराव देव यांनीं रामदासी हस्तलिखितें त्याच शहरीं वाग्देवता मंदिरांत आणून ठेविलीं. कागद जपण्याची बुद्धि आपल्याकडे अशी पूर्वींपासून आहे. यंत्र जपण्याची बुद्धि मात्र उशीरां आली, आणि याचें कारण उघड आहे. जुन्या पोथीस रद्दीवाला भेटतो हें खरें, परंतु तो जो भाव देतो त्यानें कोणास मोह पडत नाहीं. जुन्या मोटारीचें तसें नाहीं. तिच्यांत कित्येक मण लोखंड असतें, तांबें व पितळ असतें, आणि ज्या जागेवर ती उभी असते ती जागा तर लोखंडाहूनही महाग असते. म्हणून मोटार जपणें हें पोथी जपण्याहून कठीण काम आहे.

मुंबईचें उदाहरण अगदीं ताजें आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून बाहेर पडलेली गाडी मुळची इटालीच्या फियाट कंपनीची. परंतु १९७४ पासून ती पद्मिनी या नांवानें निघूं लागली आणि काळ्यापिवळ्या रंगाची टॅक्सी म्हणजे पद्मिनी असें समीकरणच होऊन बसलें. अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली. मुंबईंत टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा आहे. त्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती जात रस्त्यावरून नाहींशी झाली. त्याच्या अगोदर दीडच महिना, १५ सप्टेंबर २०२३ रोजीं, बेस्टची जुनी दुमजली लाल बस शेवटची धांवली. ती १९३७ पासून चालू होती. निरोपाच्या दिवशीं लोकांनीं तीस फुलांच्या माळा घातल्या, छायाचित्रें काढलीं, आणि यांतील एखादी तरी गाडी संग्रहालयांत ठेवा अशी मागणी झाली. विजेवर चालणाऱ्या नव्या दुमजली गाड्या त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत रस्त्यावर आल्या होत्या, म्हणजे प्रवाशाची सोय झाली होती. तरीही लोक हळहळले. सोय आणि स्मृति या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें या प्रसंगीं दिसून आलें.

बेस्टचें स्वतःचें संग्रहालय १९८४ सालीं कुर्ला आगारांत मांडलें गेलें व १९९३ मध्यें आणिक आगारांत हलविलें गेलें. ट्रामच्या व बसगाड्यांच्या लहान प्रतिकृति, जुनीं तिकिटें, तिकिटें देण्याचीं यंत्रें अशा वस्तु त्यांत जमविल्या गेल्या. मुंबईची ट्राम ९ मे १८७४ रोजीं घोड्यांनीं ओढली जाऊन सुरू झाली, १९०७ मध्यें विजेवर चालूं लागली आणि ३१ मार्च १९६४ रोजीं बंद पडली; तिचा नव्वद वर्षांचा इतिहास अशा प्रतिकृतींवरच जगला आहे. आमच्या मतें प्रतिकृति ही उपयुक्त खरी, पण अपुरी वस्तु आहे. तिच्यावरून रंग व आकार समजतो. वरच्या मजल्यावर जाणारा जिना किती अरुंद होता, कंडक्टर भरल्या गाडींत तो दिवसांतून किती वेळां चढत असेल, चालकाच्या पायाखालीं एंजिनची किती ऊब लागत असेल, हें समजावयास खरी गाडीच पाहिजे.

खऱ्या गाड्यांचें मोठें संग्रहालय कसें उभें राहतें, कसें बुडतें आणि पुन्हा कसें वर येतें, याची सर्वांत बोधक हकीकत फ्रान्स देशांतील आहे. ती आम्ही जरा विस्तारानें देतों.

फ्रान्सच्या पूर्व सीमेवर आल्सास प्रांतांत मुलूझ नांवाचें शहर आहे. कापडाच्या धंद्यानें तें वाढलें. तेथें हान्स व फ्रिट्झ श्लुंफ हे दोघे बंधु लोकरीचें सूत काढणाऱ्या गिरण्यांचे मालक होते. धाकटा फ्रिट्झ यास मोटारगाड्यांचा अतोनात नाद होता, आणि त्यांतही बुगाटी गाड्यांचा. या गाड्यांचा कारखाना त्याच प्रांतांत मोल्सहाइम येथें होता. शर्यतींत नांवाजलेल्या या गाड्या जितक्या वेगवान तितक्याच देखण्या असत. त्या कुळांतील रोयाल नांवाची प्रचंड गाडी तर अवघी सहाच बनली, आणि त्यांतील तीनच गिऱ्हाइकांस विकल्या गेल्या. राजेरजवाड्यांसाठीं बनविलेली गाडी एकाही राजानें घेतली नाहीं. फ्रिट्झनें १९६३ मध्यें बुगाटी कारखान्यांतच उरलेल्या अठरा गाड्या घेतल्या. पुढील वर्षीं अमेरिकेच्या इलिनॉय संस्थानांतील एका संग्राहकाच्या तीस बुगाटी गाड्या त्यानें एकदम विकत घेतल्या. त्या आगगाडीनें बंदरापर्यंत व तेथून जहाजानें युरोपांत आल्या. मुलूझ येथील एका जुन्या गिरणीच्या इमारतींत या गाड्या ठेवून त्यांच्या दुरुस्तीसाठीं निवडक कारागीर नेमले, आणि त्यांनीं या कामाची वाच्यता करूं नये अशी ताकीद दिली. पॅरिसमधील अलेक्झांडर पुलावर जसे दिव्यांचे नक्षीदार खांब आहेत तसे शेंकडों खांब आंत उभे केले. हें संग्रहालय आपल्या आईच्या स्मरणार्थ आहे असें बंधु म्हणत. पण दार बंदच होतें.

इकडे लोकरीच्या धंद्यास मंदी आली. १९७६ मध्यें गिरण्या डबघाईस आल्या, मजूर कामावरून कमी होऊं लागले, संप झाले, आणि दोघे बंधु सीमा ओलांडून स्वित्झर्लंडमध्यें बाझल शहरीं निघून गेले. ७ मार्च १९७७ रोजीं मजुरांनीं त्या इमारतीचा ताबा घेतला. आंत शिरून पाहतात तों ओळीनें चारशेंवर मोटारगाड्या, त्यांत शंभराहून अधिक बुगाटी, सर्व पुसून चकचकीत ठेविलेल्या! ज्यांच्या घरीं पगाराची भ्रांत होती त्यांस हें दृश्य पाहून काय वाटलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. गिरण्यांचा पैसा गाड्यांकडे वळविला असा त्यांचा आरोप होता. जळगांवची खानदेश मिल व अमळनेरची प्रताप मिल यांचे भोंगे ज्या घरांनीं रोज ऐकले आणि ते थांबल्याचेंही पाहिलें, त्या घरांस मुलूझच्या मजुरांचा संताप समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

यापुढें जें घडलें तें आम्हांस विशेष वाटतें. मजुरांनीं तो संग्रह फुंकून टाकला नाहीं. त्यांनीं त्या जागेस ‘कामगारांचा कारखाना’ असें नांव दिलें, दारें उघडलीं, आणि सुमारें दोन वर्षें तेथें पहारा ठेवून जनतेस गाड्या दाखविल्या. लाखों लोकांनीं त्या पाहिल्या. मालकानें जें गुप्त ठेविलें होतें तें संग्रहालय खऱ्या अर्थानें मजुरांनींच उघडलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. देणेकऱ्यांस संग्रह विकून पैसा हवा होता, आणि तो मागण्याचा त्यांस हक्कही होता. परंतु गाड्या एकेक करून जगभर विकल्या गेल्या असत्या तर संग्रह म्हणून कांहींच उरलें नसतें. १९७८ मध्यें फ्रेंच सरकारनें संपूर्ण संग्रह ऐतिहासिक स्मारक ठरविला. त्यामुळें तो फोडून विकण्यास अगर देशाबाहेर नेण्यास प्रतिबंध झाला. १९७९ मध्यें मजुरांनीं ताबा सोडला. पुढें नगरपालिका, प्रांतिक संस्था व मोटारसंघ यांनीं मिळून एक मंडळ बनविलें, १९८१ मध्यें ४ कोटि ४० लक्ष फ्रँक देऊन संग्रह विकत घेतला, आणि १९८२ च्या जुलै महिन्यांत त्याच इमारतींत राष्ट्रीय संग्रहालय उघडलें. खरेदीचा पैसा देणेकऱ्यांकडे गेला. श्लुंफ हें नांव संग्रहास लावण्याची परवानगी मात्र न्यायालयाकडून १९९९ मध्यें मिळाली. तोंपर्यंत दोघेही बंधु मरण पावले होते. आज तेथें जाणारा मनुष्य रोयाल जातीच्या दोन मूळ गाड्या एकाच छताखालीं पाहूं शकतो.

सर्वच संग्रहालयांच्या नशिबीं हें येत नाहीं. अमेरिकेंतील रेनो शहरीं विल्यम हॅरा या गृहस्थानें सुमारें १४०० गाड्या जमविल्या होत्या. १९७८ मध्यें तो वारला. त्याचा धंदा विकत घेणाऱ्या कंपनीनें १९८४ ते १९८६ या काळांत बहुतेक गाड्या लिलांवांत काढल्या, आणि १७५ दान दिल्या. त्यांवर १९८९ मध्यें नवें संग्रहालय उभें राहिलें. मिसिसिपी संस्थानांतील टुपेलो गांवचें मोटार संग्रहालय २०१९ च्या मार्चअखेर बंद झालें. पुढच्याच महिन्यांत गाड्यांचा लिलांव झाला. तेथें दुसरें आलें नाहीं. या तिन्ही ठिकाणीं संग्रह एका घराच्या हौशीवर उभा होता. हौशी मनुष्य जिवंत असतो तोंवर भाडें, तेल, पगार यांचा हिशेब कोणी विचारीत नाहीं. तो गेला कीं पहिल्याच वर्षीं हिशेब पुढें येतो. याउलट आपल्याकडे अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) येथें लष्करानें १९९४ मध्यें स्थापिलेलें रणगाड्यांचें संग्रहालय पाहा. त्याचा मालक एक मनुष्य नसून संस्था आहे, आणि रणगाडे ज्यांनीं हाकले त्यांचेच वारस त्यांची निगा राखतात.

निगा म्हणजे काय, हेंही थोडें सांगितलें पाहिजे, कारण गाडी छपराखालीं उभी केली म्हणजे झालें अशी पुष्कळांची समजूत असते. बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीच्या टांकीतील पेट्रोल बिघडून चिकट साका बनतो व बारीक नळ्या बुजवितो. एकाच जागीं भार राहिल्यानें टायर एका बाजूस चपटे होतात. बॅटरी निकामी होते. रबराच्या पट्ट्या वाळून तडकतात, आणि आपल्या खानदेशांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांकडे धांव घेतो तेव्हां हें काम लवकर होतें. जुन्या गाड्यांच्या पत्र्याखालीं लांकडी सांगाडा असे. त्यास वाळवीचें भय. म्हणून एकतर टांकी रिकामी करून, चाकें उचलून गाडी निजवावी लागते, नाहींतर ठराविक मुदतीनें तिचें एंजिन चालवून तीस जागी ठेवावी लागते. दोहोंस जाणता मेकॅनिक पाहिजे. आणि ज्याचे सुटे भाग बाजारांत मिळत नाहींत तो भाग कोरून घेणारा लेथवाला कारागीर पाहिजे. भुसावळास रेल्वेमुळें अशा हातांची परंपरा आहे.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. पाचोरा ते जामनेर ही अडीच फुटी रुळांची ५६ किलोमीटर लांबीची छोटी आगगाडी वरखेडी, शेंदुर्णी, पहूर या गांवांवरून शंभर वर्षें धांवली. २०२० च्या मार्चमध्यें साथीच्या टाळेबंदींत ती थांबली ती पुन्हा सुरू झाली नाहीं. मार्ग रुंद रुळांचा करून पुढें बोदवडपर्यंत नेण्याची योजना मंजूर झालेली आहे; ती पुरी झाली म्हणजे शेतकऱ्यास व विद्यार्थ्यास मोठी सोय होईल, आणि त्याबद्दल कोणीही कुरकुर करूं नये. परंतु रुंद रूळ आले म्हणजे अरुंद गाडी त्यांवर चालणार नाहीं. तिचें एक डिझेल एंजिन व दोन डबे पाचोरा किंवा जामनेर येथें छपराखालीं राहावे, ही अपेक्षा अवास्तव नव्हे. एस. टी.चेंही तसेंच. राज्यांतील पहिली एस. टी. १ जून १९४८ रोजीं पुणें व अहमदनगर यांच्यामध्यें धांवली. पण लांकडी बांकांची, हातानें फिरवावयाच्या पाटीची गाडी आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कितीकांनीं पाहिली असेल? जळगांवास जैन टेकडीवर २०१२ मध्यें गांधीतीर्थ उघडलें. मोठें संग्रहालय नीट चालविणें या जिल्ह्यास अशक्य नाहीं हें त्यावरून कळतें.

अशा संग्रहालयास प्रथम इमारत लागत नाहीं, यादी लागते. कोणत्या गांवीं कोणती जुनी गाडी कोणाच्या वाड्यांत, शेतांत वा गॅरेजांत उभी आहे, तिची बांधणी कोणत्या सालची, तिची नोंदणीची पाटी शाबूत आहे कीं नाहीं, ती कोण हाकीत असे, त्याच्याजवळ जुना परवाना अगर तिकिटांची पेटी आहे काय, हें लिहून काढण्यास एक वही व सायकल पुरे. दहावीच्या वर्गानें दिवाळीच्या सुटींत मुक्ताईनगर, बोदवड व जामनेर हे तीन तालुके वांटून घेतले तर पुढील वार्षिक अंकांत ही यादी छापण्यास आम्ही पानें राखून ठेवूं.