“आई, मी काही नाही केलं!”

घरचा कॉम्प्युटर बिघडला की आपल्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, “कोणी काय करून ठेवलंय याला?” आणि ते म्हणताना नजर आधीच मुलाकडे वळलेली असते. थोड्याफार फरकानं सगळ्या घरांतलं हे चित्र आहे. ऑफिसमधून यायचं, कुकर लावायचा, लाइटबिल भरायला म्हणून कॉम्प्युटर उघडायचा, तर गूगलच्या जागी कुठलं तरी भलतंच सर्चचं पान. उजवीकडे खाली एकामागून एक जाहिराती टपकतायत. एक बंद करावी तर दोन उघडतात. टाळकं सटकणार नाही तर काय!

मुलाचं उत्तरही ठरलेलं. “मी काही नाही केलं.”

गंमत अशी की त्याच्या परीनं तो खरंच बोलत असतो. त्याला माइनक्राफ्टचा एखादा मॉड हवा होता, नाहीतर रोब्लॉक्समधले फुकटचे रोबक्स. तो ज्या पानावर पोहोचला तिथं ‘डाउनलोड’ लिहिलेली तीन हिरवी बटणं होती. त्यातली दोन जाहिराती, आणि खरं बटण असलंच तर खाली, बारीक अक्षरांत. त्यानं सगळ्यात मोठं दाबलं. मग इन्स्टॉल होताना एक खिडकी आली. तिच्यात ‘रेकमेंडेड’वर आधीच टिंब होतं आणि ‘कस्टम’ हा शब्द पुसट, राखाडी. ‘कस्टम’वर टिचकी मारली असती तर कळलं असतं की खेळाबरोबर एक टूलबार, एक सर्च इंजिन आणि एक ‘पीसी फास्ट करणारं’ काहीतरी घरात शिरतंय. त्यानं मारलं नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश.

तुम्ही-आम्ही वेगळं काय करतो? अटी वाचून ‘आय अ‍ॅग्री’ म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

या जाळ्यात भले भले सापडलेत. 2017 मध्ये ‘फायरबॉल’ नावाचा असाच एक प्रकार उघडकीला आला होता. दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या पाठीवर बसून तो यायचा आणि ब्राउझरचं पहिलं पान आणि सर्च इंजिन बदलायचा. चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीचा अंदाज होता जगभरात 25 कोटी कॉम्प्युटरचा, त्यातले अडीच कोटींवर एकट्या भारतातले. मायक्रोसॉफ्टला तो आकडा फुगवलेला वाटला. पण तो निम्मा धरला, अगदी पाव धरला, तरी एवढ्या घरांतली सगळी माणसं बावळट होती असं थोडंच आहे?

आता एक नाजूक गोष्ट. हायजॅक झालेल्या ब्राउझरवर येणाऱ्या जाहिराती नेहमी साबण-शाम्पूच्या नसतात. जुगाराच्या असतात, कधी चक्क घाणेरड्या असतात. दहा-बारा वर्षांचं पोर प्रोजेक्टसाठी ज्वालामुखीचं चित्र शोधत असतं आणि स्क्रीनवर येतं ते. त्याच वेळी मागून बाबा येतात. पोर काय करणार? धाडकन लॅपटॉप मिटणार. आणि आपल्या मनात पाल चुकचुकणार, हा लपवतोय काय?

त्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. जे त्यानं मागितलेलं नाही, ते त्याच्या नावावर लागलंय. आपण नाही उघडलं, हे सिद्ध करायला त्याच्याकडे काही नाही. मग तो ब्राउझरची हिस्टरी पुसतो, दार लोटून बसतो, विचारलं की चिडतो. आपण याला ‘वयाचा परिणाम’ म्हणतो. कधीकधी तो वयाचा परिणाम नसतो, निव्वळ धास्ती असते, आणि त्या धास्तीपायी तो नको असलेला पाहुणा आठवडेच्या आठवडे घरात मुक्काम ठोकतो.

म्हणून मला वाटतं, साफसफाई मुलाला शेजारी बसवूनच करावी. माऊस त्याच्या हातात द्यावा. मुलं या कामात आपल्यापेक्षा चपळ असतात, आणि ‘आपण मिळून निस्तरतोय’ हे त्याला न सांगता कळतं.

काम तसं एका संध्याकाळचं आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सची यादी काढा आणि ती तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या सुमारास काय काय आलंय ते वरच दिसेल. अनोळखी असेल ते काढायचं. काढताना ‘खरंच जाताय का? सवलत देतो’ छापाचे प्रश्न आले तर बिनधास्त पुढे जा.

मग ब्राउझर. क्रोममध्ये वर उजवीकडच्या तीन टिंबांतून एक्स्टेन्शन्स उघडा. कुपन शोधणारं, पीडीएफ बनवणारं, व्हिडिओ उतरवणारं, असं जे जे कोणी टाकल्याचं आठवत नाही, ते काढा. नंतर सेटिंग्जमधलं ‘रीसेट’ वापरा. त्यानं बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत, फक्त पुन्हा सगळीकडे लॉगिन करावं लागतं. एज आणि फायरफॉक्समध्येही अशी सोय आहे.

खालच्या कोपऱ्यातल्या जाहिरातींनी तर भल्याभल्यांना घाबरवलंय. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडले’ म्हणतात ना, त्या. पुष्कळदा तो व्हायरस नसतोच. कुठल्या तरी पानानं ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाव दाबा’ म्हटलं, कोणीतरी दाबलं, आणि त्या साइटला सूचना पाठवायची परवानगी मिळाली. सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सखाली ती नावं दिसतात. तिथून हटवली की चिडीचूप.

एवढं करूनही काढलेलं एक्स्टेन्शन दुसऱ्या दिवशी परत आलं, तर हात टेकू नका. बहुधा गूगल खात्याचं सिंक चालू असतं आणि ते दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पुन्हा उतरतं. सिंक थांबवून दोन्हीकडे साफ करावं लागतं. क्रोमच्या मेनूत तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असं दिसलं तरी सावध व्हा. घरच्या कॉम्प्युटरला कसली आलीय ऑर्गनायझेशन! कधी ते एखाद्या अँटिव्हायरसमुळे असतं, पण हायजॅकरही असाच मालक होऊन बसतो. तिथं मात्र जाणकाराला बोलवावं.

शेवटी विंडोज सिक्युरिटीमधला ‘ऑफलाइन स्कॅन’. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि साधारण पंधरा मिनिटं तपासणी चालते. याला पैसे पडत नाहीत. केंद्र सरकारच्या सर्ट-इनचं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ही 2017 पासून आहे, तिथंही फुकट साधनं मिळतात. गल्लीतल्या दुकानात मशीन टाकून फॉरमॅट मारण्याआधी एवढं तरी करून बघावं. फॉरमॅटमध्ये मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो गेले म्हणून हळहळणारी घरं मी पाहिलीयत.

आतापर्यंतचं होतं डोकेदुखीचं. खरी काळजी आहे ती काहीच न दाखवणाऱ्या स्पायवेअरची. जाहिरात नाही, पान बदललेलं नाही, सगळं शांत. खेळाच्या ‘क्रॅक’मधून किंवा ‘चीट’मधून ते येतं आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज उचलून पसार होतं. कुकी म्हणजे जत्रेत पाळण्याचं तिकीट काढल्यावर मनगटावर मारतात तसला शिक्का. तो चोरला की पासवर्ड किंवा ओटीपी न विचारताच खात्यात शिरता येतं. ‘रेडलाइन’ हे या जातीतलं कुप्रसिद्ध नाव. ऑक्टोबर 2024 मध्ये नेदरलँड्सच्या पोलिसांनी इतर देशांच्या मदतीनं त्याचा कारभार मोडला. पण त्याची भावंडं आहेत.

हल्ली आणखी एक युक्ती निघालीय, ती मुलांना जरूर दाखवून ठेवा. पान म्हणतं, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. विंडोजची की आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. तीनच टिचक्या. पण त्या तीन टिचक्यांत आपणच आपल्या हातानं कॉम्प्युटरला हुकूम देतो की चोराला आत घे. कुठलीही खरी वेबसाइट असं करायला सांगत नाही.

असं काही घडल्याचा संशय आला तर आधी नेट बंद. पासवर्ड बदलायचे ते आपल्या फोनवरून, त्या कॉम्प्युटरवरून नाही. पहिला ईमेलचा, मग बँकेचा, मग बाकीचे, आणि प्रत्येक ठिकाणी ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट’ हा पर्याय शोधून दाबायचा. म्हणजे चोरलेले शिक्के बाद होतात. इथं एक-एक तास मोलाचा असतो, आणि तो तास आपल्याला मिळणार की नाही हे त्या पोराच्या एका वाक्यावर ठरतं. “बाबा, मी काहीतरी दाबलं आणि विचित्र झालं,” हे तो आपल्याला किती लवकर सांगतो? मागच्या वेळी दूध उतू गेलं तेव्हा आपण कसं बोललो होतो, ते त्याच्या लक्षात असतं हो.

थोडं आपल्या पदराखालीही बघू. कॉम्प्युटर असेंबल करून घेताना दुकानदार म्हणतो, “सर, विंडोज, ऑफिस सगळं टाकून देतो,” आणि आपण खूश होतो. ते ‘टाकून दिलेलं’ पुष्कळदा क्रॅक केलेलं असतं, आणि ते चालू करताना अँटिव्हायरस बंद केलेला असतो. त्याच मशीनवर आपण नेटबँकिंग करतो. आणि मुलानं गेमचा क्रॅक उतरवला की त्याला प्रामाणिकपणावर ऐकवतो! विंडोज 10 असेल तर त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवलेत. त्याचाही विचार करायला हवा.

सगळ्यात कमी कटकटीचा उपाय सांगू? मुलाला विंडोजमध्ये स्वतःचं वेगळं खातं काढून द्या, ‘स्टँडर्ड’ प्रकारचं. अ‍ॅडमिनचं खातं आपल्याकडे. मग बहुतेक सॉफ्टवेअर टाकायच्या आधी कॉम्प्युटर आपला पासवर्ड मागतो, आणि मुलगा आपल्याला हाक मारतो. एक्स्टेन्शन्सना मात्र हे कुंपण अडवत नाही, ती यादी अधूनमधून बघावीच लागते. “तुझ्यावर विश्वास नाही म्हणून” असं त्याला वाटू देऊ नका. घरातलं प्रत्येकजण, आजोबासुद्धा, स्टँडर्ड खात्यावरच काम करतो असा नियम केला की प्रश्न मिटतो. तुमचं रोजचं कामही त्याच प्रकारच्या खात्यावर करा.

आणि पैसे गेलेच असतील तर मुलाची उलटतपासणी नंतर. आधी 1930 ला फोन लावा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. हा नंबर मुलाच्या फोनमध्येही आजच घालून ठेवा.