दोन रक्तांचं जनावर

फौजेत सगळी नोकरी घोड्यांवर झाली. निवृत्तीनंतर बदनापूर तालुक्यात छोटी पागा टाकली. मोसंबीवाले येतात, बियाणेवाले येतात, समृद्धी महामार्गात जमीन जाऊन हातात पैसा आलेले येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच: "मास्तर, अरबी आणि थरोब्रेडचा क्रॉस घेऊ का? पोराला स्पर्धेत उतरवायचंय." तोंडी सांगून सांगून जे पाठ झालंय, ते इथं लिहून काढतो.

१. निम्मं-निम्मं असं काही नसतं

लोकांचा हिशेब सरळ असतो. थरोब्रेडचा वेग आणि उंची, अरबीचा दम आणि देखणेपण, दोन्ही थोडंथोडं पदरात पडेल. घोड्याला हा हिशेब ठाऊक नसतो. एकाच आई-बापाची दोन शिंगरं मी शेजारी शेजारी बांधून पाहिली आहेत. एक ६३ इंची, लांब पाठीचं, पायाखाली आग लागल्यासारखं पळणारं. दुसरं ५९ इंची, रुंद कपाळाचं, शेपटी झेंड्यासारखी धरणारं. दोघांचे कागद मात्र तंतोतंत सारखे.

शिवाय हे दोन्ही घोडे एकमेकांना अगदी परके नाहीत. आजच्या प्रत्येक थरोब्रेडची बापाकडची परंपरा बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या इंग्लंडात नेलेल्या तीन पूर्वेकडच्या नरांपैकी एकापर्यंत पोचते. इंग्रजांनी मग त्या वंशातून पिढ्यान् पिढ्या फक्त शर्यतीचे घोडे निवडले. वाळवंटातल्या लोकांनी अरबी निवडला तो लांब पल्ल्यासाठी, कमी दाणापाण्यासाठी आणि माणसाच्या जवळ राहण्यासाठी. क्रॉस करताना आपण एका घराण्याच्या दोन वेगळ्या सवयी पुन्हा एकत्र आणतो. त्यातली कुठली वर येईल, ते शिंगरू चार-पाच वर्षांचं झाल्यावरच कळतं.

२. स्वभाव बघायचा तर घोडा घाबरल्यावर बघा

सुस्त दुपारी गोठ्यात उभा असलेला प्रत्येक घोडा संत असतो. आमच्याकडे मिरचीचं पीक बरंच, त्यामुळे बांधाबांधावर मल्चिंगचा फाटका प्लास्टिक कागद फडफडत असतो. याहून चांगली परीक्षा मला अजून सापडलेली नाही.

निव्वळ थरोब्रेड कागद फडफडला की आधी पळतो, विचार मागून. अरबी बहुतेक वेळा जागीच थबकतो, मान उंच करून नाकपुड्या फुगवून फुरफुरतो आणि वाकून कागदाची चौकशी करतो. क्रॉसचं वागणं यांच्या अधलंमधलं, पण ठरावीक. माझी एक कुमैत घोडी आहे. ती झटक्यात बाजूला उडी घेते, आठ-दहा पावलं उधळते आणि मग स्वतःहून वळून कागदाकडे तोंड करून उभी राहते. कान पुढे, एक पुढचा पाय अर्धवट उचललेला, छातीची कातडी थरथरतेय. त्या क्षणी लगाम ओढला तर ती पुन्हा उधळते. लगाम सैल ठेवून नुसतं बसून राहिलं तर तीच दोन पावलं पुढे जाते आणि कागद हुंगते.

घेणाऱ्यानं एवढंच बघावं की उधळल्यावर जनावर वळतं का. वळणारं जनावर शिकवता येतं. न वळता पळतच सुटणारं, ते कितीही देखणं असो, शर्यतीच्या मैदानाबाहेर फारसं कुणाच्या कामाचं नाही.

३. सोसतो खूप, पण हिशेब ठेवतो

असईचं नाव आपल्या जालना जिल्ह्यात सगळ्यांना माहीत असतं, तिथल्या घोड्यांचं कुणाला नसतं. २३ सप्टेंबर १८०३ ला केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. त्या दिवशी त्याच्या मांडीखालचा एक घोडा गोळीनं गेला. दुसरा, डायोमेड नावाचा अरबी, भाल्यानं जखमी झाला. पुढे हाच वेलस्ली ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८ जून १८१५ ला वॉटर्लूच्या रणात उतरला तो कोपनहेगनवर बसून. हा कोपनहेगन थरोब्रेड आणि अरबी अशा मिश्र रक्ताचा, शर्यतीत गाजलेल्या एक्लिप्सचा नातू. स्वतः कोपनहेगनचं शर्यतीत फारसं नाव झालं नव्हतं.

वॉटर्लूला तो दिवसभर तोफांच्या आवाजात खोगिराखाली राहिला. रात्री ड्यूक उतरला आणि शाबासकीची थाप त्याच्या पुठ्ठ्यावर मारली, तर या गड्यानं लाथ झाडली. ड्यूक थोडक्यात वाचला. लोक हा किस्सा हसण्यासाठी सांगतात, मला त्यात या क्रॉसचा अख्खा स्वभाव दिसतो. काम चालू असेतो सगळं सोसेल. काम संपलं की त्याला त्याची जागा हवी.

म्हणून माझ्या पागेत उतरल्याबरोबर लाड नाहीत. तंग सैल करायचा, थोडं चालवून आणायचं, पाणी दाखवायचं, खरारा करायचा आणि मोकळं सोडायचं. आणि चाबूक रागानं तर कधीच नाही. थरोब्रेड मार विसरतो, निदान तसं वाटतं तरी. अरबी रक्त वर आलेला क्रॉस मारणारा माणूस लक्षात ठेवतो, तो माणूस उभा होता ती जागाही लक्षात ठेवतो. एका तबेल्यातून आलेला घोडा पाण्याच्या निळ्या टाकीजवळून वर्षभर जाईना. तिथं त्याच्याशी काय झालं होतं ते घोड्यालाच माहीत.

४. कुठल्या खेळाला चालेल, हा खरा प्रश्न

आधी नको कुठे ते सांगतो. महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर तो नाही. तिथला मामला नोंदणीकृत थरोब्रेडचा. दीड मीटरच्या वरच्या शो जंपिंगलाही नाही. तिथं युरोपातले वॉर्मब्लड घोडे लागतात, त्यांच्या मागच्या भागाची ताकद आपल्याकडच्या क्रॉसमध्ये सहसा येत नाही. मीटर-सव्वा मीटरपर्यंतच्या उड्या मात्र तो आनंदानं मारतो.

एन्ड्युरन्स म्हणजे लांब पल्ल्याची स्पर्धा, आणि ती त्याच्यासाठीच जन्मली आहे असं मी म्हणतो. आंतरराष्ट्रीय पातळीवर यात १६० किलोमीटर एका दिवसात कापायचे असतात. टप्प्याटप्प्यावर डॉक्टर थांबवतात आणि ठरल्या वेळात नाडी मिनिटाला ६४ पर्यंत खाली यावी लागते, नाहीतर घोडा बाद. इथं अरबीचं राज्य आहे, कारण अंगानं सडपातळ आणि कातडी पातळ असल्यानं त्याची उष्णता लवकर बाहेर पडते, नाडी झपाट्यानं उतरते. क्रॉसला थरोब्रेडची लांब टाप मिळते, पण त्याबरोबर पुढच्याला गाठण्याची घाईही मिळते. म्हणून सराव दुडकीवर, एकट्यानं, पुढे दुसरा घोडा न ठेवता. या खेळात घोड्याआधी स्वाराची नाडी खाली आणावी लागते.

नेझाबाजीत म्हणजे टेंट पेगिंगमध्ये हिशेब वेगळा. भरधाव येऊन भाल्याच्या टोकानं ६ सेंटिमीटर रुंदीची खुंटी उचलायची, पुढच्या फेऱ्यांत ती आणखी अरुंद. इथं वेगापेक्षा सरळ रेष महत्त्वाची. मान डावी-उजवी न करता, टाप न बदलता धावणारा क्रॉस मिळाला तर सोनं. ६० ते ६२ इंचांची उंची इथं उत्तम. फार उंच घोड्यावरून वाकायचं म्हणजे स्वाराच्या कमरेची परीक्षा.

इव्हेंटिंग, म्हणजे ड्रेसाज, क्रॉस कंट्री आणि उड्या तिन्ही एकाच घोड्यावर. अँग्लो-अरब रक्ताच्या टॅमारिलोवर बसून इंग्लंडच्या विल्यम फॉक्स-पिटनं २००४ ला बॅडमिंटन आणि २००८ ला बर्ली जिंकलं. फ्रान्समध्ये तर पोंपादूरच्या सरकारी पागेत एकोणिसाव्या शतकापासून अँग्लो-अरब मुद्दाम पैदा केला गेला, तो चपळ आणि धाडसी स्वारीचा घोडा म्हणूनच. आपल्या जिल्ह्यात क्रॉस कंट्रीचं तयार मैदान नाही, पण ओढे, बांध, चर यांची काय कमी? नुकत्याच शिकणाऱ्या जोडीला तेवढं पुरतं.

ड्रेसाज खालच्या पातळीवर ठीक. वरात? कृपा करून नको. डीजेपुढे नाचवायला मारवाडी, काठेवाडी बरे. ते त्यात मुरलेले असतात.

५. आपली जमीन आणि आपलं ऊन

जालन्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि जमीन काळी. उन्हाळ्यात दगड, पावसाळ्यात चिखल. थरोब्रेडचे खूर बऱ्याचदा पातळ, नाल निघाला की लंगडतो. क्रॉसमध्ये खूर अरबीचे आले असतील तर अर्धी काळजी मिटली. खरेदीच्या वेळी मी चेहऱ्याआधी खूर उचलतो, ते यासाठी. पावसाळ्यात उभं राहायला मुरूम टाकलेली उंच जागा लागतेच, नाहीतर तळव्याला वास यायला लागतो.

खुराकाच्या बाबतीत आमच्याकडे हात सैल. घोडा म्हटलं की हरभरा, तोही टोपलीभर! कामाशिवाय एवढा हरभरा खाल्लेला क्रॉस डोक्यावरच बसतो, आणि मग मालक म्हणतो, "मास्तर, फार गरम डोक्याचा निघाला हो." डोकं गरम नाही, दाणा जास्त आहे. चारशे किलोच्या जनावराला दिवसाला आठ किलोच्या आसपास सुकं खाणं लागतं. त्यात कडबा आणि वाळलेलं गवत जास्त, लसूणघास बेतानं, दाणा कामाच्या मापात. घाम गाळणाऱ्या घोड्याला मीठ रोज.

या मातीत अरबी रक्त नवं नाही. एकोणिसाव्या शतकात बसऱ्याहून अरबी घोडे जहाजांनी मुंबईला उतरत. जालन्याच्या छावणीत तेव्हा हैदराबाद कंटिंजंटचा रिसाला असे. शिलेदारी पद्धतीत स्वार स्वतःचा घोडा आणायचा, म्हणून स्वस्तात टिकणारं जनावर शोधायचा. दख्खनच्या भीमथडीतही अरबी रक्त मिसळल्याचं सांगतात. त्या भीमथडीची कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोनं अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. स्पर्धा नकोच, नुसतं रानात फिरायचंय, असं म्हणणाऱ्याला मी आधी भीमथडी दाखवतो.

६. पोराचा पहिला घोडा म्हणून नको

एका बागायतदारानं दहावीतल्या मुलीसाठी क्रॉस मागितला. मी म्हणालो, "दादा, आधी वर्षभर माझ्या म्हाताऱ्या घोड्यावर बसू द्या." ते नाराज झाले, मुलगी नाही झाली. आज ती त्या कुमैत घोडीवर बसते आणि कागद फडफडला की तिचे हात खाली राहतात. बाकी काही शिकवावं लागलं नाही.

७. थांबा

रेसकोर्सचा थरोब्रेड दोन वर्षांचा असताना पळतो. क्रॉसला ती घाई लावू नका. हाडं आणि डोकं, दोन्ही उशिरा पिकतात. तिसऱ्या वर्षी खोगिराची ओळख, चौथ्यात हलकी स्वारी, खरं काम पाचव्यानंतर. पण हेच जनावर विशीतही कामाचं राहतं.

८. बाजारात

सारंगखेड्याचा बाजार दत्तजयंतीला, माळेगावच्या खंडोबाची जत्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून, म्हणजे दोहोंत पंधरवड्याचंच अंतर. दोन्हीकडे मारवाडी-काठेवाडीच जास्त, आणि "अरबी क्रॉस" म्हणून विकले जाणारे बरेचसे घोडे फक्त बशीसारख्या नाकाडाचे असतात. शुभ-अशुभ मानले जाणारे भोवरे आणि देवमण बघणाऱ्यांनी खुशाल बघावेत, पण त्याआधी दात बघा, चारही खूर उचला, कठीण जमिनीवर दुडकी चालवून घ्या आणि पाठीवर हात फिरवून खोगिराचे जुने व्रण शोधा. थरोब्रेड रक्त सांगत असतील तर कागद मागा. क्रॉस असेल तर त्याची आई कुठे आहे ते विचारा आणि जमल्यास तिला जाऊन बघा, कारण शिंगरू पहिले सहा महिने तिच्याकडूनच घाबरायला शिकतं. माळेगावला पहाटेच पोचावं. उजाडल्यावर ढोल सुरू होतात आणि मग कुठल्याच जनावराचा स्वभाव कळत नाही.