प्रकल्पाची परिभाषा : एक शब्द, एक अर्थ

समजा, ग्रामीण पाणीपुरवठा योजनेच्या प्रगती अहवालात ‘काम पूर्ण’ अशी नोंद झाली. अभियंत्याच्या लेखी याचा अर्थ बांधकाम संपले. लेखा शाखेच्या लेखी अंतिम देयक चुकते झाले. सरपंचांच्या लेखी मात्र नळाला पाणी आले. तिघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात. परंतु शब्द एकच असल्याने त्यातील अंतर कोणाच्याच ध्यानी येत नाही आणि गावाला पाण्याची प्रतीक्षा करावी लागते.

प्रकल्प व्यवस्थापनाला स्वतंत्र व्यवसायाचे रूप येऊ लागले तसतशी समान परिभाषेची निकड जगभर जाणवली. अमेरिकेत 1969 मध्ये प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने 2012 मध्ये प्रकल्प व्यवस्थापनाविषयी मार्गदर्शक मानक आणि 2018 मध्ये या क्षेत्राची शब्दावली प्रसिद्ध केली. अशा परिभाषेमुळे सूक्ष्म भेद स्पष्ट होतात. पावसाळ्यापूर्वी सिमेंट वेळेवर न मिळण्याची शक्यता ही ‘जोखीम’ होय. ते प्रत्यक्षात न मिळणे ही ‘अडचण’ होय. पहिलीसाठी पूर्वतयारी करावयाची असते, दुसरीचे निवारण करावयाचे असते. त्याचप्रमाणे पाण्याची टाकी ही कामाची ‘निष्पत्ती’, तर घरोघरी पोहोचलेले शुद्ध पाणी हा त्याचा ‘परिणाम’.

महाराष्ट्राला ही दृष्टी नवी नाही. शिवकाळात राजव्यवहारकोश सिद्ध झाला. राज्यनिर्मितीच्या वर्षी, 1960 मध्ये, भाषा संचालनालय स्थापन झाले आणि 1973 मध्ये शासन व्यवहार कोश प्रसिद्ध झाला. ‘प्रशासकीय मान्यता’ आणि ‘तांत्रिक मान्यता’ या रूढ संज्ञा पाहाव्यात. पहिलीने काम हाती घेण्यास व त्यावरील खर्चास संमती मिळते. दुसरीने आराखडा व अंदाजपत्रक तांत्रिकदृष्ट्या योग्य असल्याची ग्वाही मिळते. संज्ञा वेगळ्या, म्हणून जबाबदाऱ्याही वेगळ्या.

संज्ञा ठरविताना आधी संकल्पना, मग व्याख्या आणि शेवटी शब्द, असा क्रम ठेवणे हितावह ठरते. योजनेच्या आरंभीच अभियंता, ग्रामपंचायत अधिकारी, लेखापाल व पंचायत सदस्य यांनी एकत्र बसून महत्त्वाच्या संज्ञांचे अर्थ लिहून काढावेत आणि ते ग्रामसभेत वाचून दाखवावेत. ‘पूर्ण’ या मोघम नोंदीऐवजी ‘बांधकाम पूर्ण’, ‘चाचणी पूर्ण’ व ‘हस्तांतरण पूर्ण’ अशा तीन नोंदी, प्रत्येकीच्या दिनांकासह, ठेवाव्यात. असे केल्यास काम कोठे अडले आहे आणि त्याचे उत्तर कोणी द्यावयाचे आहे, हे सामान्य ग्रामस्थालाही अहवालावरून कळू शकेल.