कार्यालयातील आकांडतांडव आणि कामाचे वाटप

एखादा कर्मचारी कामातील साध्या अडचणीवरून आवाज चढवतो, नस्ती टेबलावर आदळतो, राजीनाम्याची भाषा करतो किंवा डोळ्यांत पाणी आणून सगळ्या शाखेला आपल्याभोवती गोळा करतो, तेव्हा त्याच्या स्वभावाची चर्चा पुष्कळ होते. मात्र त्या वागण्यातून शेवटी त्याच्या पदरात काय पडते आणि त्याची किंमत कोण चुकवतो, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. अशा सहकाऱ्याशी कसे वागावे याविषयीचा सल्ला बहुधा 'दुर्लक्ष करा' एवढ्यावर संपतो. तो अपुरा आहे, कारण दुर्लक्ष करणाऱ्याच्या टेबलावरच पुढे ते काम येऊन पडते, आणि म्हणून हा प्रश्न मनःशांतीच्या आधी कामाच्या न्याय्य वाटपाचा ठरतो.

या विवेचनामागे प्रस्तुत लेखिकेने एका जिल्हास्तरीय शासकीय कार्यालयाच्या लेखा शाखेत काढलेल्या वर्षांचा अनुभव आहे. अशा शाखेत कामाची विभागणी 'टेबल'वार होते. टेबल म्हणजे लाकडी मेज नव्हे, तर एका कर्मचाऱ्याकडे लेखी आदेशाने सोपवलेल्या विषयांचा संच, ज्यात कोणाकडे वेतन देयके, कोणाकडे प्रवासभत्ता व वैद्यकीय प्रतिपूर्ती, कोणाकडे पुरवठादारांची देयके, तर कोणाकडे लेखापरीक्षणातील आक्षेपांची पूर्तता असते. मंजूर निधी 31 मार्चपर्यंत खर्ची पडला नाही तर तो सामान्यतः व्यपगत होतो, म्हणजे त्या वर्षापुरता त्यावरील हक्क संपतो, त्यामुळे मार्च एंडला कोषागाराने त्रुटी काढून परत पाठवलेले प्रत्येक देयक शाखेच्या जिवाला घोर लावते. या शाखेत पुरवठादारांची देयके पाहणारे एक ज्येष्ठ सहकारी देयक परत आले की थयथयाट करीत, 'या टेबलावर माणूस मरेल' असे सर्वांना ऐकू जाईल अशा स्वरात सांगत, आणि गर्दी जमली की रजेचा अर्ज लिहायला घेत. अधिकाऱ्यांना वेळ वाचवायचा असे. ते शांत बसलेल्या कर्मचाऱ्याकडे पाहून 'मॅडम, तेवढे देयक तुम्ही बघून घ्या' असे म्हणत, आणि त्या क्षणापुरता प्रश्न मिटे.

हळूहळू त्या टेबलावरील सर्वांत किचकट देयके प्रस्तुत लेखिकेकडे आली, परंतु कार्यवाटपाच्या आदेशात ती पूर्वीच्याच नावावर राहिली. पुढे लेखापरीक्षणात त्यांपैकी काहींवर आक्षेप निघाले, तेव्हा टिपणीवर जिची आद्याक्षरे होती तिच्याकडून खुलासा मागवण्यात आला. ज्या कामाचा कार्यभार तिला लेखी कधीच मिळाला नव्हता, त्याची जबाबदारी मात्र लेखी आली. यात अमुक एक माणूस दुष्ट होता असे म्हणता येत नाही. आरडाओरडा करणारे सहकारी खरोखरच घाबरलेले असत, आणि अधिकारी खरोखरच घाईत असत. तरीही परिणाम असा झाला की ज्याचा आवाज मोठा त्याचे काम हलके झाले आणि जो अबोल त्याच्यावर ते लादले गेले.

हे घडते कसे, हे समजण्यासाठी अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ स्टीफन कार्पमन यांनी 1968 मध्ये मांडलेला 'नाट्य त्रिकोण' उपयोगी पडतो. कार्पमन हे ट्रान्झॅक्शनल ॲनालिसिस, म्हणजे माणसामाणसांतील बोलण्यावागण्याच्या देवाणघेवाणीचा अभ्यास, या पद्धतीचे प्रवर्तक एरिक बर्न यांच्या परंपरेतले. त्यांच्या मते अशा प्रसंगांत तीन भूमिका असतात : स्वतःला असहाय मानणारा पीडित, दोष देणारा छळकर्ता आणि न मागता धावून जाणारा तारणहार. या भूमिका कोणा एकाला कायमच्या चिकटत नाहीत, त्या फिरत राहतात, आणि हेच या मांडणीचे मर्म आहे. वर सांगितलेल्या शाखेत दुपारी पीडित असलेले सहकारी, मदतीला उशीर झाला की संध्याकाळी मदत करणाऱ्यावरच उखडत, आणि दोन्ही बाजूंनी बोलणी खाल्लेला तारणहार दुसऱ्या दिवशी स्वतःच पीडिताच्या सुरात बोलू लागे. त्रिकोणात शिरताना चांगली भूमिका निवडली म्हणून सुटका होत नाही. सुटका होते ती त्यात न शिरल्यानेच.

ही सवय का सुटत नाही, याचे उत्तर वर्तनवादी मानसशास्त्रात मिळते. बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी 1957 च्या आपल्या ग्रंथात दाखवले की एखाद्या वर्तनाला प्रत्येक वेळी मोबदला मिळण्यापेक्षा तो अधूनमधून मिळत राहिला, तर मोबदला थांबल्यावरही ते वर्तन अधिक काळ टिकून राहते. शिवाय मोबदला बंद होताच वर्तन लगेच ओसरत नाही, उलट काही काळ ते वाढू शकते. कार्यालये नेमकी येथेच हरतात : चार वेळा कोणी लक्ष देत नाही, पाचव्या वेळी आवाज फारच वाढल्यामुळे अधिकारी नमतात, आणि पुढच्या खेपेस कुठवर जायचे ते त्या कर्मचाऱ्याला कळते. म्हणून ज्याला भूमिका बदलायची आहे त्याने सुरुवातीचे काही आठवडे अधिक गोंगाटाचे जातील हे गृहीत धरावे. अर्ध्यावर माघार घेण्यापेक्षा मुळात सुरुवात न केलेली बरी.

बदल करायचा तो आक्रोश आणि त्यातील मजकूर वेगळा करूनच. परत आलेल्या देयकात खरी त्रुटी असते, तिला क्रमांक असतो, तारीख असते आणि उपायही असतो. त्यामुळे 'कोणते देयक, कोणती त्रुटी, कोणता दाखला कमी आहे' हे तीन प्रश्न संथ आवाजात विचारणे हा माणसाचा अपमान न करता प्रसंग कामावर आणण्याचा उत्तम मार्ग ठरतो. प्रश्न आपल्या जागेवर बसूनच विचारावेत, कारण भोवती उभे राहणारा प्रत्येक जण प्रेक्षकांत भर घालतो. उत्तर मिळाले तर त्या एका मुद्द्यापुरती मदत करावी, आणि देयक मात्र त्याच टेबलावर राहू द्यावे. उत्तर न येता त्रागाच चालू राहिला, तर 'तासाभराने बघू' असे सांगून आपल्या कामाकडे वळावे आणि तासाभराने खरोखर विचारावे. हा दुसरा भाग लोक विसरतात, आणि त्यामुळे त्यांचे संथपण तुसडेपणासारखे दिसू लागते.

तोंडी सोपवलेल्या कामाच्या बाबतीत मात्र सौजन्याइतकाच कागदही आवश्यक आहे. अधिकाऱ्यांनी 'एवढे बघून घ्या' म्हटल्यास नकार देण्याची गरज नसते. 'साहेब, कार्यवाटपात तशी दुरुस्ती झाली आणि प्रलंबित प्रकरणांची यादी मिळाली की लगेच घेते' असे सांगून त्याच दिवशी दोन ओळींची टिपणी सादर करणे पुरेसे असते. प्रस्तुत लेखिकेने खुलाशाच्या प्रकरणानंतर हीच पद्धत धरली, आणि लेखी आदेश काढायची वेळ आली की बहुतेक देयके मूळ टेबलावरच राहू लागली, असे दिसून आले. नियमांचा आधारही येथे आहे. महाराष्ट्रात शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि कर्तव्यातील विलंबास प्रतिबंध यांसाठीच्या 2005 च्या अधिनियमानुसार कोणतीही नस्ती सामान्यतः सात कामाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ एका कर्मचाऱ्याकडे प्रलंबित राहू नये. त्यामुळे 'ही नस्ती अमुक तारखेला तुमच्याकडे आली' असे म्हणणे ही कुरापत ठरत नाही, ती केवळ नोंद असते. खाजगी कंपनीत टिपणीची जागा ईमेल घेतो, एवढाच फरक.

याहून कमी दिसणारे ओझे समजूत घालणाऱ्यांचे असते. आर्ली हॉक्शिल्ड या समाजशास्त्रज्ञ विदुषीने 1983 मध्ये विमान कंपनीच्या परिचारिकांच्या अभ्यासातून 'भावनिक श्रम' ही संकल्पना मांडली. नोकरीचा भाग म्हणून स्वतःच्या भावना आवरून दुसऱ्याच्या मनात हवी ती भावना जागवण्याचे हे श्रम होत. विमानातील परिचारिकेला निदान त्याचे वेतन मिळते. शाखेतील जिला 'मॅडम, तुम्ही जरा त्यांना समजवा' असे दरवेळी सांगितले जाते, तिच्या या तासांची नोंद ना कार्यविवरणात होते ना गोपनीय अहवालात, आणि तिचे स्वतःचे टेबल मागे पडले की ठपका तिच्यावरच येतो. हे काम जवळजवळ नेहमी स्त्रियांकडेच जावे, ही गोष्ट मनाला लागणारी आहे. ते नम्रपणे नाकारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

आता मर्यादांविषयी. सहकाऱ्याला मनोविकाराची नावे चिकटवण्याचा मोह कटाक्षाने टाळला पाहिजे. लक्ष वेधण्याची अतिरेकी ओढ असलेल्या व्यक्तिमत्त्वविकाराचा उल्लेख निदानपुस्तिकांत आहे, पण ते निदान तज्ज्ञाचे काम आहे, शेजारच्या टेबलाचे नव्हे. शिवाय मोठा आवाज म्हणजे खोटी तक्रार असे समीकरण मांडणे घातक आहे. घरातील आजारपण, कर्ज किंवा झोपेविना गेलेल्या रात्री यांमुळेही माणूस एरवी करणार नाही असा आकांत करतो. नेहमी शांत असणारा कर्मचारी एकाएकी कोसळला, किंवा कोणीही जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा केली, तर वर सांगितलेली सारी पथ्ये बाजूला ठेवून त्याला एकटे न सोडता मदत मिळवून द्यावी. लैंगिक छळाच्या तक्रारीला 'नाटक' म्हणणे हा तर अन्यायच होय. 2013 च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक केली आहे, आणि तक्रार करणाऱ्या स्त्रीचा स्वर कसा होता यावरून तिच्या तक्रारीचे मोल ठरवण्याचा अधिकार सहकाऱ्यांना नाही.

आदळआपट करणारा स्वतः अधिकारी असेल, तर वरीलपैकी निम्मे उपाय चालत नाहीत, कारण प्रेक्षक होण्याचे टाळणे हाताखालच्या माणसाला शक्य नसते. अशा वेळी उभे राहून ऐकून घ्यावे, मधे बोलू नये, आणि केबिनबाहेर आल्यावर मिळालेली सूचना लिहून ती खात्रीसाठी पुन्हा सादर करावी; रागाच्या भरात दिलेले अर्धे आदेश कागदावर आले की अधिकारीच बदलतात.

बरोबरीच्या सहकाऱ्याबाबत मात्र आणखी एक गोष्ट करण्याजोगी उरते, आणि ती शांततेच्या दिवशीच करता येते. वर उल्लेखिलेल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना खरेदीचे नियम मुखोद्गत होते, परंतु त्याबद्दल त्यांना कोणी कधी काही विचारत नसे. त्यांच्याभोवती माणसे जमत ती केवळ ते ओरडले तेव्हाच. नव्या कर्मचाऱ्यांना दरपत्रके कशी तपासायची हे शिकवण्याची जबाबदारी पुढे त्यांच्याकडे आली, तेव्हापासून आठवड्यातील एक दुपार शाखा त्यांच्या टेबलाभोवती वह्या घेऊन बसू लागली. मार्चमध्ये त्यांचा आवाज त्यानंतरही चढे, पण रजेचा अर्ज लिहिणे त्यांनी सोडले.