खारपाणपट्ट्यातील परसात पालक

अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट असते; त्यामुळे तेथे ताज्या भाजीची उणीव भासते. पालक हे बीटवर्गीय पीक असून ते इतर बहुतेक भाज्यांपेक्षा क्षार अधिक सोसते. परंतु पीक सोसते म्हणून जमीनही सोसेल असे नाही. अशा पाण्यातील सोडियममुळे काळी चिकण माती फुगते, तिची छिद्रे बुजतात व पाणी मुरेनासे होते. यास्तव शेततळ्यात साठविलेले पावसाचे पाणीच द्यावे. परसातील एका वाफ्यास ते थोडकेच लागते.

पावसाळा ओसरताच चांगले कुजलेले शेणखत मिसळून, ओळींत एक वीत अंतर ठेवून बी पेरावे. सुमारे महिन्याभरात पहिली कापणी मिळते. जमिनीपासून दोन बोटे वर कापल्यास पुन्हा फुटवा येतो. युरिया सढळ हाताने देऊ नये. पाने हिरवीगार दिसली तरी त्यांत नायट्रेट साठते.

पालकात लोह आहे, हे खरे. पण त्याचा अल्प भागच शरीरात शोषला जातो. पालकावर भिस्त ठेवून गरोदर स्त्रीच्या लोहाच्या गोळ्या बंद करणे घातक होय, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरोघर समजावून सांगावे. पाने चिरण्यापूर्वी धुवावीत. तुरीच्या डाळीतील पातळ भाजीवर जेवताना लिंबू पिळावे. त्यायोगे लोह अधिक शोषले जाते. फोडणीच्या तेलामुळे कॅरोटीन अंगी लागते. जेवणाला लागूनच चहा मात्र घेऊ नये.